उजवी फळी

—न्हाई, न्हाई, पानी नको घालूस! ठेव तो तांब्या खाली, ठेव. बरगड्या म्हंजे काय भांडी हायत व्हय, धुवून पालथी घालायला? पानी मुरलं की धूर वरच्यावर चिकटून बसतो, काजळी धरतो, आन खानाऱ्याला वाटतं तव्याचं बूड चाटतोय. ओल्या फडक्यानं पुसायच्या, बास. मांसाच्या बाजूनं एकदा, हाडाच्या बाजूनं एकदा. हां, अशा. बस इथं, माज्या समोर, त्या पोत्यावर. पदर खोच. नवी नवरी म्हनून आज तुला कुनी पाटावर बसवनार न्हाई, गीता — गुऱ्हाळाचा शेवटचा दिस हाय, शेवटची काईल उतरली, चुलवानात निखारा हाय तोवर ह्या दोन फळ्या धुरात गेल्या पायजेत, आन दिवस मावळायच्या आत गडीमान्सं पंगतीला बसली पायजेत. कळलं का? नुसती मान हलवू नको. — बरं, हलव. सासूवर गेलीस. ती बी नुसती मान हलवती.

तुला कुनी सांगितलं असंल-नसंल, म्हनून सांगते. ह्या घराची रीत अशी, की गूळ साच्यात पडेस्तोवर गुऱ्हाळावर मांसाचं नाव काढायचं न्हाई. शेवटची काईल उतरली की म्हसोबाचं बोकड. बाकीचं मटन तिकडं गडी शिजवत्यात, हंड्यात, त्यात आपन नाक खुपसायचं न्हाई. पन बरगड्यांच्या दोन अख्ख्या फळ्या — एक उजव्या कुशीची, एक डाव्या कुशीची — त्या घरातल्या बायांच्या. उजवी थोरलीची, डावी धाकटीची. दोन्ही शेजारी-शेजारी टांगायच्या, ते बघ, धुराड्याच्या तोंडाला दोन आकडे हायत. खाली ओली चिपाडं. उसाच्या चिपाडाच्या धुराला जी गोडी, ती बाभळीच्या लाकडाला न्हाई, बोरीच्या न्हाई, कशाला न्हाई. आन सांजच्याला गुळव्या दोन्हीतली एक-एक बरगडी मोडतो, खातो, आन समद्यांच्या देखत सांगतो कुनाची सरस. जिची सरस, तिला शेवटच्या काईलीची खरवड. काय असती खरवड? वाटीभर गूळ, तो बी करपट. पन ती वाटी घेऊन बाई गड्यांच्या पंगतीमधनं चालत येती न्हवं, तवा — असू दे. तुला न्हाई कळायचं एवढ्यात.

आन कुनाची सरस निघती? इचार की. अगं इचार, तोंड हाय न्हवं? — सांगितलं असंलच तुला गोरक्षानं. लाजू नको, तुजा नवरा लहानपनी माज्याच फळीच्या बरगड्या पळवायचा, सख्ख्या आयशीच्या सोडून. मी थोरली होऊन आले, माज्या पाठोपाठ झुंबर आली धाकट्या दिराची होऊन, तवापासनं एक साल असं गेलं न्हाई की बन्सी गुळव्यानं दुसरं नाव घेतलं. त्याच्या बापानं बी न्हाई. 'थोरलीची!' बास. 'धाकटीची चवीला बरी हाय, पन चिवट हाय जरा, दातात अडकती.' दर साली तेच. चिवट, दातात अडकती. समदे हसायचे. मी तर म्हनायचे, 'झुंबरे, पुढल्या साली पानात कुऱ्हाड बी वाढ गं.' आन ती काय करायची, सांगू?

हसायची.

हेच. हेच मला खातं, बघ. मान्साला राग यावा, त्यानं भांडावं, दोन दिस तोंड फिरवून बसावं — म्हंजे समोरच्याला कळतं तरी की लागलं. हिला काय लागतच न्हाई. मी रागानं भाकरी टाकली तर ती हसून दुसरी वाढती. मी म्हनले तुज्या घरचा काळा मसाला कडू हाय, तर हसून म्हनती, 'व्हय जाऊबाई, तुमचा द्या वाटीभर.' आन नेती वाटीभर! आन वर वस्तीवरच्या बायांना सांगती, जाऊबाईंच्या मसाल्याला तोड न्हाई. आता ह्याच्यावर मान्सानं भांडावं तरी कसं, तूच सांग. — न्हाई, तू काय सांगनार.

मीठ इकडं दे. जाडं मीठ, ते न्हाई, ते. आधी मीठ-हळद, मंग लसूण-मिरचीचा गोळा, मंग काळा मसाला. चोळायचं न्हाई, थापायचं. दोन हाडांच्या मधी बोट घालून थाप. घाबरू नको, मेलेलं बोकड हाय, चावत न्हाई. आन काकवी आत्ता लावायची न्हाई — पोरी, काकवीला हात लावू नको म्हनते! — काकवी सगळ्यात शेवटाला, धूर खाऊन झाल्यावर, चुलवान थंडावल्यावर. आधी लावली की करपती. हे समदं मी तुला सांगते, कारन हे समद्या वस्तीला ठाऊक हाय. ह्यात काय लपवायचं.

ती राख? ती असू दे तिथंच. हात घसरत्यात माजे चरबीनं, म्हनून बोटं पुसायला. तुला नको ती. तुजी बोटं तरनी हायत.

काय सांगत हुते? व्हय. झुंबर. तुला वाटत असंल, थोरली म्हातारी जळती तुज्या सासूवर. जळते की! का जळू नये? मी कुनाला भ्याले न्हाई कधी, आता काय भ्यायचं. ती आली तवा अशी गोरी-गोमटी, की बाया दळनाचं निमित्त काढून बघायला यायच्या. मला बघायला कोन आलं न्हाई, मला कामाला आनलं हुतं. मला देवानं एक लेक दिली, ती पुनतांब्याला, माळकऱ्याच्या घरात — तिथं कांदा-लसूण न्हाई, मटनाचं तर नाव काढायची चोरी. तिला मी बरगड्या शिकवू का? हिला तीन लेक. तिघं बी आयशीच्या शब्दाबाहेर न्हाईत. माजं कुकू गेलं त्याला किती वर्सं झाली. हिचा दादला अजून तिच्या हातची चिलीम भरून मागतो. मागल्या हिवाळ्यात लढाई लागली तवा गोरक्षानं रेडिओ आनला. ठेवला कुठं? आयशीच्या खोलीत. मंग काय, बातम्या लागल्या की सगळी वस्ती तिच्या दारात. मी माज्या ओट्यावर बसून ऐकायचे. भिंतीतनं ऐकू येतंय की, माजे कान शाबूत हायत. तर एके दिवशी ही बाई तो डबा कडेवर घेऊन, पोरावानी, माज्या ओट्यावर! 'जाऊबाई, हितं लावू, हितं वारा बरा हाय.' वारा! हिवाळ्यात वारा! म्हनलं, ने तुजा डबा, मला झोप आलीय. तर — हसली, आन नेला. आन दुसऱ्या दिवसापासनं आवाज मोठा. भिंत हालायची. मला काय कळत न्हाई व्हय ते कुनासाठी हुतं?

दया! दया करती माज्यावर. मी कुनाची दया घेतली न्हाई गं आजवर. अक्षरं शिकले ती बी कुनाच्या पाया न पडता — गुळाच्या ढेपा बांधायला दलाल छापील कागद द्यायचा, राहुरीच्या बाजारातनं यायचा तो, त्याच्यावरची अक्षरं बोटानं धुळीत काढून-काढून. गडी हसायचे, थोरली पिसाळली म्हनून. आज त्याच गड्यांच्या घरचं पत्र आलं की कोन वाचतं? मी वाचते. तुजी सासू न्हाई वाचत. तिला वाचायला मी हाय, म्हनती. बघ, कसं गोड बोलती.

ह्या हाताला शिकवलं ते एकट्या आमच्या सासूनं. साळूबाईनं. तू बघितली न्हाईस तिला, तुज्या लग्नाच्या आधीच गेली. वाघीन हुती. इथंच, ह्याच चुलवानाशी, झुंबर घरात आली त्या पहिल्याच साली, म्हातारीनं मला बाजूला घेतलं आन म्हनाली, 'थोरले, हे तुला सांगते.' तुला, म्हनाली. तुमाला न्हाई — तुला. आन एक गोष्ट सांगितली. करून दाखवली, ह्या ह्या हातांनी. झुंबर तवा तिकडं गड्यांना भाकऱ्या वाढत हुती हसत-खिदळत. म्हातारीला समद्यात लाडकी ती, डोक्याला तेल तिच्या हातचं, पाय चेपायला ती, पन ही गोष्ट मला. मला एकटीला! त्या एका गोष्टीवर मी इतकी सालं उजवी फळी टांगते गं. गोरा रंग घे, लेक घे, रेडिओ घे — ही एक गोष्ट माजी.

काय गोष्ट? वा गं वा! भलतीच चलाख हायस. तुला सांगितली की पुढल्या साली डाव्या फळीवर. तुज्या सासूनं तुला इथं कशाला धाडलं, मला कळत न्हाई व्हय? 'यंदापासनं डावी फळी सूनबाईची, जाऊबाई, तुमच्या हाताखाली शिकू द्या.' माज्या हाताखाली! तिच्या हाताखाली शिकून काय चिवटच शिकली असतीस, म्हनून. बरं, शीक. त्येवढी एक सोडून समदी शीक. ती माज्यासंगं म्हसनात जाईल.

हां, एक. ही आतली बाजू बघ, हाडाकडची. हाडांवर हा पापुद्रा हाय, दिसला? पांढरा, चकाकतो, रेडिओवर गुंडाळून आलेल्या कागदावानी. त्याला हात लावायचा न्हाई. अजिबात न्हाई. तो रस धरून ठेवतो. तो तसाच ऱ्हाऊ द्यायचा, त्याच्यावरनंच मीठ-मसाला थापायचा. समजलं? तुज्या सासूनं बी असंच सांगितलं असंल. — न्हाई सांगितलं? मान तर हलवलीस. कुठल्या अंगानं हलवलीस ते मला दिसलं न्हाई, धुरानं डोळ्यात पानी आलंय, जवळचं धूसर दिसतं. असो. जा, चिपाडं ओली झालीत का बघून ये. झालीत? मंग बन्सीला इचार, आकडे घासले का. — तू घासलेस? कवा? अगं बाई, लईच हाताची चपळ हायस. मंग जा जरा, हंड्यापाशी जाऊन बस, गड्यांची तोंडं बघ. मी माजी फळी तवर — न्हाई, मला मदत नको. मला बसायला सोबत नको. मी एकटी करते. माजी तशीच हाय अजून, उघडी, तुज्या बडबडीत ऱ्हायली. — तू न्हाई बोललीस? मंग काय मी बोलले इतका वेळ?

बस, बस. बसून ऱ्हा. तुजी थापून होऊ दे, मंग जा. घाई न्हाई मला. धूर अजून पांढरा हाय. पांढऱ्या धुरात टांगायची न्हाई, कडू लागती. धूर निळा होऊ दे, पातळ, डोळ्याला झोंबत न्हाई असा, मंग. तवर मी त्या धुराकडं बघते आन तू तुजं काम कर. मला सांग, झुंबर काय म्हनती गं माज्यामागं? सांग, मी कुनाला सांगत न्हाई. शिव्या देती का? एकदा तरी? भांडं आदळलं असंल रागानं कधी, दिवाळीत मी तिच्या दारात गेले न्हाई तवा — न्हाई? कमाल हाय. एक शिवी दिली असती तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते, देवाशप्पत. माज्या मालकांना मूठमाती दिली त्या दिवशी ती माज्या शेजारी बसली हुती, दिवसभर, काय बी न बोलता. मी म्हनले, ऊठ, तुजा नवरा जिता हाय, तुला काय कळनार. तर ती उठली न्हाई. इतकं बोलले मी. दुसरी असती तर —

हाड्! हाड्, मेल्या! ह्यो कावळा काय घेऊन चाललाय? गीता, बघ गं, चोचीत काय हाय त्याच्या? फडक्यावानी काय तरी लोंबतंय. — दगड मार. सोडला? आन इकडं. आन म्हनते ना.

हे काय हाय?

थांब. माज्या हातावर दे. डोळ्याला दिसत न्हाई पन बोटांना कळतं. हा पापुद्रा हाय. अख्खा. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, कुठं फाटला न्हाई, एक भोक न्हाई. माजा कधी अख्खा निघत न्हाई, मधल्या हाडापाशी फाटतोच. हा — कुनाच्या फळीचा? माजी तर इथं हाय, माज्या मांडीवर, जशीच्या तशी.

तुजी फळी दे इकडं. उलटी कर. — कोरी. हाड न् हाड मोकळं. बोटं दाखव. दोन्ही हातांची दाखव, मागं काय लपवतीस! राख. चिमटीत राख लावून धरलास, आन कडंच्या हाडापासनं काट्यानं उचललास, आन एका ओढीत. व्हय ना? काटा कुठाय? — केसात. केसात खोवलाय बघ, बाभळीचा.

तुला म्हनले हुते हात लावू नको.

रडू नको. मारत न्हाई मी. नुसतं सांग. सवयीनं गेला हात? ऐकता-ऐकता? बरं. मंग सवय कुठनं लागली? माहेरी? — माहेरी न्हाई. मंग. सांग की. मीच सांगू? तिनं. तुज्या सासूनं. आन तिला कुनी — तिला आमच्या सासूनं. कवा? — पहिल्याच साली.

'धाकटे, हे तुला सांगते.' असं म्हनाली असंल म्हातारी. असंच म्हनाली असंल. तोंडावर हात धरून, मला चोरून. वाघीन!

मंग मला एक सांग, गीता. खरं सांग, तुज्या गोरक्षाची शपथ हाय. तिला ठाऊक हुतं, तिच्या हाताला येत हुतं, तुला शिकवन्याइतकं येत हुतं — मंग इतकी सालं तिची फळी चिवट कशी? दातात कशी अडकायची? पापुद्रा ठेवायची ती. मुद्दाम ठेवायची. समद्या पंगतीसमोर कुऱ्हाड वाढ म्हनून घ्यायची, आन हसायची. आन तुला बी सांगून धाडलं असंल — थोरल्या आत्याबाईंच्या देखत पापुद्रा काढू नको. व्हय? आता मान कशी स्वच्छ हलली. का गं पन? का ठेवायची?

काय म्हनाली?

मोठ्यानं म्हन. ऐकू आलं न्हाई. — आलं. आलं, पन परत म्हन.

'जाऊबाईंना तेवढं एकच हाय.'



धूर निळा झाला, बघ.

न्हाई, तू बस. मला उठायला हात नको. म्हंजे ती खरवडीची वाटी — मी पंगतीतनं मान ताठ करून चालायचे, दर साली, तिच्या समोरनं, मुद्दाम तिच्या समोरनं — ती वाटी तीच मला देत हुती. रेडिओवानी. आवाज मोठा करून. आन मी घेत ऱ्हायले. चाटून-पुसून खात ऱ्हायले. एक चीज माजी हुती गं. तिथं बी ही बाई आधीच येऊन बसलेली, हसत. मान्सानं जळावं तरी कशावर आता? माजं जळायचं बी तिनं —

दे तो मसाला. दे. लसूण-मिरची बी. हां. न्हाई, राख नको मला. उचल ती राख तिथनं, चुलवानात टाक. माज्या फळीचा पापुद्रा तसाच ऱ्हानार. ह्याच्यावरनंच थापते, बघ. तू बघतीस काय तोंड उघडं टाकून? रस धरून ठेवतो, म्हनलं न्हवतं का मी तुला? जिंकायला मला एकटीला यायचं, असं वाटत हुतं मला. हरायला काय तिला एकटीलाच येतं? मला बी येतं. आज येतं. तुजी फळी उजव्या आकड्याला टांग. — उजव्याच! थोरली मी हाय, मी सांगते, आन बन्सीला बी सांगते यंदा उजवी तुजी. माजी डावीकडं. बन्सी खाईल, चावत बसंल, आन म्हनंल चिवट हाय. म्हनू दे. खरवड तुला. वाटी दोन्ही हातांनी धर, आन मान खाली घालून चालू नको पंगतीतनं, सांगून ठेवते. ताठ चाल.

आन माज्या फळीतली पहिली बरगडी मी तुज्या सासूच्या पानात वाढनार. माज्या हातानं. चावू दे तिला. दातात अडकला पापुद्रा की जिभेला कळंल तिला, कशाचा हाय, कुनी ठेवलाय, कशापायी ठेवलाय. समदं कळंल, एक शब्द न बोलता. मी समोर बसनार हाय. तवा बघते, हसती का ती.

ऊठ आता. डोळे पूस, राखंचे हात डोळ्याला लावू नको. आन तिच्यापाशी तोंडातनं एक अक्षर काढशील तर — जा. टांग जा फळ्या. माज्याकडं बघू नको. जा म्हनते ना.